पाखाडी सोडू नकोस गो!

रत्नागिरीकडच्या वाडीत वाढलेल्या मुलीला हे वाक्य पाठ असतं. तिन्हीसांजेला खालच्या घरी ताकाचा तांब्या पोचवायला पाठवलं की आजी मागून ओरडायचीच, "पाखाडी सोडू नकोस गो! पऱ्याकडनं जाऊ नकोस!" चिऱ्याच्या पायऱ्यांची ती पाखाडी म्हणजे आपलं, ओळखीचं जग. दोन्ही बाजूंच्या गडग्यांपलीकडे काजू-रातांब्यांचं रान. त्या रानात नेमकं काय आहे, ते आजीने कधी धड सांगितलं नाही. म्हणून तर तिकडे बघावंसं वाटायचं.

आता हा व्हिडिओ गेम बघा. सुरू होताच सूचना येते : आजीच्या घरी जा आणि वाट सोडू नकोस. तुम्ही शहाण्यासारखं सरळ चालत जाता. कुणी अडवत नाही, काही अंगावर येत नाही. आजीच्या खोलीत सुखरूप पोचता. आणि गेम पडद्यावर निकाल लावतो : नापास!

या गेमचं नाव ‘द पाथ’. बेल्जियममधल्या गेंट शहरात राहणाऱ्या एका जोडप्याने तो बनवला आणि १८ मार्च २००९ला तो बाहेर आला. गोष्ट आपल्या ओळखीची, लाल टोपीवाल्या मुलीची. पण इथे तलवार नाही, बंदूक नाही. शत्रूला हरवणं हा प्रकारच नाही. मोडायला फक्त एक नियम आहे, आणि तो मोडला तरच गोष्ट घडते.

सहा बहिणी, सहा लांडगे

मूळ गोष्टीत मुलगी एक. इथे सहा बहिणी आहेत, शहरातल्या एका लाल खोलीत राहणाऱ्या. धाकटी रॉबिन नऊ वर्षांची. मग दोन-दोन वर्षांच्या अंतराने रोझ, जिंजर, रुबी, कार्मेन, आणि थोरली स्कार्लेट एकोणीस वर्षांची. नावं नीट वाचा. लाल छातीचा पक्षी, गुलाब, तांबूस केस, माणिक, किरमिजी, शेंदरी. टोपीचा लाल रंग सहा जणींत वाटून दिलाय.

प्रत्येकीचा लांडगाही वेगळा. नऊ वर्षांच्या रॉबिनलाच काय तो केसाळ, लांडग्यासारखा लांडगा भेटतो, तोही कबरस्तानात. रोझला तळ्यावर ढगासारखा तरंगणारा माणूस दिसतो. जिंजरला फुलांच्या माळावर लाल कपड्यांतली एक खेळगडी मिळते. रुबीला भेटतो एक देखणा तरुण, कार्मेनला लाकूडतोड्या, आणि स्कार्लेटला मोडक्या रंगमंचावर पियानोजवळ कुणीतरी. पुस्तकातल्या गोष्टीत मुलीला सोडवायला लाकूडतोड्या येतो असं आपण वाचलेलं असतं. या गेममध्ये तोच एकीचा लांडगा झालाय. मला हा बदल सर्वांत धारदार वाटला.

लांडगा भेटला की काय होतं? पडदा काळा होतो. एवढंच. पुढच्या दृश्यात मुलगी पावसात, आजीच्या घराबाहेर रस्त्यावर पडलेली असते. मधलं काहीच दाखवलेलं नाही. ती उठते, पाय ओढत घरात शिरते. आतल्या खोल्या स्वप्नात फिरल्यासारख्या वेड्यावाकड्या उलगडत जातात, आणि तिथे तुमच्या हाती एकच उरतं : कुठलंही बटण दाबा, एक पाऊल पुढे. मागे फिरता येत नाही. ते संपलं की निकाल येतो, उत्तीर्ण! लाल खोलीत परत यावं तर एक बहीण कमी झालेली असते.

लहान मुलांच्या हातात देण्याचा हा गेम नाही, हे सरळ सांगून ठेवते. तो वाढत्या वयाबद्दल आहे. वाढत्या वयात मुलींना काय काय भेटतं, त्याबद्दल आहे.

गोष्टीचा पहिला शेवट

आपण पुस्तकात वाचलेला गोड शेवट मागाहून आला आहे. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली ही गोष्ट छापली, तेव्हा लांडगा मुलीला खातो आणि तिथेच गोष्ट संपते. कुणी धावून येत नाही. लांडग्याचं पोट फाडून आजी आणि नात दोघींना बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहात भेटतो. लांडग्याच्या पोटात धोंडे भरण्याची करामतही तिथलीच.

पेरोच्याही आधी फ्रान्सच्या खेड्यांत लोक ती वेगळ्याच तऱ्हेने सांगत असावेत. काही तोंडी कथांत लांडगा मुलीला विचारतो, कुठल्या वाटेने जाणार, सुयांच्या की टाचण्यांच्या? आणि काहींत ती पोरगी स्वतःच्या अकलेने लांडग्याच्या तावडीतून निसटते, कुणाची मदत न घेता. म्हणजे मुलगी आधी हुशार होती, छापखान्यात गेल्यावर बिचारी झाली. ‘द पाथ’ने तिला पुन्हा निवड करायला लावली, याचं मला फार अप्रूप आहे.

जमशीद तेहरानी नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने २०१३ साली या गोष्टीच्या जगभरातल्या ५८ आवृत्त्या घेतल्या आणि प्राण्यांच्या जातींची वंशावळ मांडतात तशी त्यांची वंशावळ मांडली. आफ्रिका, युरोप, चीन, जपान, सगळीकडची भावंडं. चीनमध्ये लांडग्याच्या जागी वाघ येतो आणि तोच आजीचं सोंग घेतो.

वाघ आणि आजी! इथे मराठी वाचकाचे कान टवकारलेच पाहिजेत.

आमची आजी भोपळ्यात बसते

लेकीकडे निघालेली म्हातारी आठवा. वाटेत जंगल, जंगलात वाघ आणि कोल्हा. तिकडे नात आजीकडे जाते, इकडे आजीच लेकीकडे निघते. तिकडे लांडगा बोलून फसवतो, इकडे म्हातारीच बोलून वाघाला फसवते : आत्ता माझी नुसती हाडं आहेत बाबा, लेकीच्या घरी खाऊन-पिऊन अंग धरून येते, मग खा. तिकडे लाल टोपी, इकडे भोपळा. गोष्ट आरशात धरावी तशी उलटी.

ही त्याच वंशावळीतली आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्हींचा सांगाडा एकच : घर, रान, दुसरं घर, आणि मधे तोंड उघडून बसलेलं कुणीतरी. पोराला झोपवताना आपण किती भीषण गोष्ट सांगतो हे आपल्या लक्षातच येत नाही. एका म्हाताऱ्या बाईला खायला दोन जनावरं टपलेली आहेत, आणि पोर खिदळत असतं. कारण म्हातारी त्यांच्याशी सौदा करते. भीती आणि गंमत एकाच घासात भरवायची ही आपल्या आज्यांची रीत.

चकवा

‘द पाथ’ मी पहिल्यांदा पाहिला तो जुलैमधल्या एका रात्री, भाचीच्या लॅपटॉपवर. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी निम्मी. भाची चित्रकला शिकते, अठरा पूर्ण झालेली. तिने रुबीला घेतलं आणि वाट सोडली.

थोडं आत गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं. वाट नव्हती.

ती रुबीला पळवू लागली. पळायला लागलं की या गेममध्ये नजर मुलीपासून लांब, वर उचलली जाते आणि पडदा काळवंडत जातो. जितकं पळाल तितकं कमी दिसतं. झाडं, झाडं, पुन्हा तीच झाडं. दहा मिनिटं झाली. "मावशी, हे मघाशीच आलं होतं ना?" भाचीचा आवाज जरा बारीक झालेला.

कोकणात याला फार जुना शब्द आहे : चकवा. रात्री ओळखीच्या रानातून जाणाऱ्या माणसाला चकवा लागतो. वाट सापडत नाही, माणूस रात्रभर एकाच जागेभोवती फिरतो, आणि पहाटे बघतो तर घर हाकेच्या अंतरावर. गेंटमधल्या त्या दोघांनी हा शब्द ऐकला असेल असं वाटत नाही. पण बनवला तो चकवाच.

यावर आजीने सांगितलेला उपाय एकच होता : चकवा लागला की धावू नको. आहेस तिथे खाली बस. उजाडेपर्यंत बस.

मी भाचीला म्हटलं, "बटणं सोड."

तिने हात काढले. आणि या गेमची सर्वांत सुंदर गोष्ट आम्हाला तेव्हा कळली. इतर गेममध्ये काही करायचं तर बटण दाबायचं. इथे मुलीला एखाद्या वस्तूजवळ न्यायचं आणि सगळं सोडून द्यायचं. मग ती तिच्या मनाने वागते. हात लावते, उचलते, बसते, मनात काही बोलते. थोड्या वेळाने झाडांतून पांढऱ्या कपड्यांतली एक लहान मुलगी आली. तिच्या मागे मागे गेलं की ती वाटेवर आणून सोडते. राखणदारच तो! भाची म्हणाली, "आजीला आवडला असता हा गेम." मलाही तेच वाटत होतं.

रानात १४४ फुलं विखुरलेली आहेत. वेचत बसायची हौस असेल तर वेचा. अडून कुणाचंच काही राहत नाही.

गेंटचं जोडपं, भरभर

ऑरिया हार्वे अमेरिकेची. न्यूयॉर्कमध्ये शिल्पकला शिकलेली. मिखाएल सामिन बेल्जियमचा. दोघे १९९९ साली इंटरनेटवर भेटले, प्रेमात पडले, आणि एकमेकांना पाठवलेली प्रेमपत्रं म्हणजे त्यांनी बनवलेली छोटी छोटी वेबपानं होती. पुढे ती पानं कलाकृती म्हणून लोकांपुढे आली.

स्टुडिओचं नाव ‘टेल ऑफ टेल्स’. ते आलं सतराव्या शतकातल्या नेपल्समधून. तिथल्या जाम्बात्तिस्ता बासीलेने पन्नास कथांचा एक ग्रंथ लिहिला, त्याचं हे नाव. निद्रिस्त राजकन्येची आणि सिंड्रेलाची फार जुनी रूपं त्यात आहेत, आणि आजच्या मापाने ती चांगलीच काळी आहेत. बासीले वारला १६३२ साली. ग्रंथ छापला १६३४ ते १६३६ या काळात, त्याच्या गायिका बहिणीने, आद्रियानाने. बहीण नसती तर या कथा कुठे गेल्या असत्या, कोण जाणे.

ऑरिया-मिखाएलच्या ‘द एंडलेस फॉरेस्ट’मध्ये, २००५ साली, खेळणारा प्रत्येक जण हरीण होतो. माणसासारख्या चेहऱ्याचं हरीण. बोलायची सोय नाही. मान हलवा, नाचा, शिंगं घासा. जिंकणं-हरणं काही नाही.

२००८च्या ‘द ग्रेव्हयार्ड’मध्ये एक म्हातारी काठी टेकत स्मशानातून चालते, बाकावर बसते, गाणं ऐकते, उठून परत जाते. गेम फुकट मिळायचा. पैसे देऊन घेतला तर एकच गोष्ट जास्त मिळायची : म्हातारी बाकावर मरू शकते. पैसे मोजले की मरण खरं होतं. यावर मी बराच वेळ विचार करत राहिले.

२०१५ साली त्यांचा ‘सनसेट’ आला, पुरेसा विकला गेला नाही, आणि त्यांनी व्यापारी गेम बनवणं थांबवलं. ऑरिया पुन्हा शिल्पाकडे वळली.

पुण्याची राजी आणि पिंगुळीची सावली

आता घरचं. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम बाहेर पडला.

राजी सर्कशीतली पोर. राखीपौर्णिमेचा दिवस. असुर येतात आणि तिच्या भावाला, गोलूला, उचलून नेतात. दुर्गा तिला शस्त्र देते, आणि राजी एकटी निघते. हा काही ‘द पाथ’सारखा बटणं सोडून बसायचा गेम नाही. इथे त्रिशूळ फिरवायचा, खांबांवरून उड्या मारायच्या. पण एकटी मुलगी, काळोखी वाट आणि जुनी गोष्ट हे तिन्ही आहेत, आणि गोष्ट सांगायला आहेत दुर्गा आणि विष्णू, आपसात बोलत.

२०२०च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्याच गेमसाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्काराच्या यादीत राजी होती. पाच नावांत पुण्याचं एक! त्याच यादीत ‘रोकी’ होता, स्कँडिनेव्हियाच्या लोककथांवरचा, इंग्लंडमध्ये बनलेला. त्यातली तूव्हा बर्फाळ रानात निघते ती भावाला सोडवायलाच. पुण्यात आणि इंग्लंडमध्ये, एकमेकांना न विचारता, दोन भावंडांची एकच गोष्ट. आणि पुरस्कार गेला भुतं शोधण्याच्या गेमला, ‘फॅस्मोफोबिया’ला.

राजीमध्ये मागची कथा येते ती छायाबाहुल्यांच्या रूपात. पडद्यामागे दिवा, पुढे सावल्या. तो भाग पाहिला आणि मला थेट पिंगुळी आठवलं.

पिंगुळी कुडाळ तालुक्यात. आज तो सिंधुदुर्ग जिल्हा, पण १ मे १९८१पर्यंत ते सगळं रत्नागिरीच होतं. तिथला ठाकर समाज पिढ्यानपिढ्या चित्रकथी करत आला. तिन्ही प्रकार त्यांच्याकडे : कागदावरची चित्रं दाखवत सांगायची कथा, दोऱ्यांच्या कळसूत्री बाहुल्या, आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. पुढे सिनेमा आला, टीव्ही आला, आणि चित्रांच्या पोथ्या माळ्यावर गेल्या. परशुराम गंगावणे यांनी त्या खाली काढल्या. घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चामड्याची बाहुली जवळून बघा. उजेडात धरली की तपकिरी, जुनाट, कडा झिजलेल्या. अंगभर बारीक भोकं पाडलेली. दिव्यापुढे गेली की त्याच भोकांतून उजेड झिरपतो आणि दागिने चमकायला लागतात. बाहुली पडद्याला टेकवली तर रेघ स्पष्ट येते. दिव्याकडे सरकवली तर सावली वाढत जाते, कडा विरतात, आणि हातभर राक्षस घरभर होतो. मागे बसलेला माणूस एकाच वेळी बोलतो, गातो आणि हात चालवतो. गेम बनवणारे संगणकावर जे साधायला महिने घालवतात, ते इथे एक दिवा आणि एक मनगट करतं. हे आपल्या अंगणात आहे. इथल्या पोरांना ते शाळेत कुणी दाखवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुंबाड, खेड तालुका

कोकणातली भीती सिनेमातही गेली. ‘तुंबाड’ पाहून बऱ्याच जणांना वाटलं, गाव काल्पनिक आहे. तुंबाड खरं आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. नदीचं नावच जगबुडी! श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही दोन खंडांची कादंबरी १९८७ची. २०१८च्या सिनेमाने तिच्यावरून फक्त नाव घेतलं. कथेचं बी नारायण धारपांच्या भयकथेत. हस्तर हा देव मात्र कुठल्याच पुराणात नाही, तो सिनेमानेच घडवला. तरी बघताना वाटतं, आपल्या आजीला हा माहीत असणार.

सड्यावर

त्या पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या सुमाराला, भाचीला घेऊन राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर गेले. गवत पिवळं पडायला लागलेलं. जांभ्या कातळात कोरलेला एक माणूस आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना झेपावणारे दोन वाघ. कुणी कोरला, का कोरला, ती कथा पुसली गेली. चित्र राहिलं. तिकडे कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलाय आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी भरलेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली.

सावर्ड्याला आणि देवरुखला चित्रकलेची महाविद्यालयं आहेत. हात तयार असलेली मुलं आहेत, लॅपटॉप आहेत, वाघ आहेत, म्हातारी आहे, चकवा आहे. आपल्या गोष्टीचा आपला गेम इथल्याच कुणीतरी करावा, असं मला फार वाटतं. तसं मी भाचीला तिथेच म्हटलं.

ती उकिडवी बसून वहीत काढत होती. पाखाडीच्या पायऱ्या, गडगा, शेवटचं घर, कंदील धरून उभी आजी. पायऱ्या चढत चढत सड्याच्या काठापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढे नुसता कातळ. तिने पेन्सिल उचलली आणि समोर पाहिलं. लांबवर वारा आणि काळं-तांबडं दगडी मैदान, त्यात ते दोन वाघ.

"मावशी," ती म्हणाली, "सड्यावर वाट नसतेच. मग आजी काय सांगेल तिला?"

मला उत्तर आलं नाही. तिने पान उलटलं आणि माणसाच्या जागी एक मुलगी काढायला घेतली.